शून्य लावा, मग गुलाल

शालूबाईला कुणी भांडखोर म्हटलं तर तिला राग यायचा नाही, पण पटायचंही नाही. "मी भांडत न्हाई, मी नुसती उठत न्हाई," असं ती म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं. पवना धरणाच्या कडेला तंबू टाकणाऱ्या एका कॅम्पवाल्यानं तिच्या खाचराच्या बांधावर न विचारता पाटी रोवली, तेव्हा तिनं आरडाओरडा केला नाही की पाटी उपटली नाही. तिनं त्या पाटीवर रोज धुणं वाळत घातलं. परकर, गोधड्या, महिपतीची कंपनीतली निळी पँट. महिन्याभरात कॅम्पवाल्यानंच पाटी उचलून नेली. जाताना "मावशी, चुकलं आमचं" असंही म्हणाला. "चुकलं तर चुकलं," शालूबाई म्हणाली, "पन आता दोरी कुटं बांधू ती तरी सांगून जा."

तिचा नवरा महिपती शांत माणूस. तळेगावकडं एका कारखान्यात पाळीवर जायचा, आला की जेवून झोपायचा. शेती, जनावरं, पाहुणे, देव हे सगळं शालूबाईकडं. दर रविवारी अंघोळ करून ती भैरवनाथाच्या देवळात जायची, नाथापुढं निरांजन लावायची, आणि काही न मागता परत यायची. "त्येला समदं दिसतंय. मागून कशाला तोंड वाया घालवायचं?" असा तिचा हिशेब.

पाखऱ्या आणि वजीर ही खोंडं तिनं दात यायच्या आधीपासून वाढवली होती. हुलग्याचं भरड शिजवून घालायचं, उन्हं कलली की दोघांना धरणाच्या पाण्यात पोहायला न्यायचं. ती स्वतः साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि कासरा धरून हाका मारायची. तंबूतली शहरातली माणसं मोबाइल काढून उभी राहायची. एकदा एकीनं विचारलं, "काकू, ही म्हैस आहे का?" शालूबाई म्हणाली, "न्हाई बाई, माझी पोरं हायती. म्हस आसती तर दूध न्हाई का पाजलं आसतं तुला?"

बैल पळायला लागले आणि घरात कुरकुर सुरू झाली. बैलगाडा म्हणजे पुरुषांचा कारभार. जुंपणी पुरुषांची, घाट पुरुषांचा, गुलालही पुरुषांचाच. महिपतीला त्यातलं काही आवडत नव्हतं, आणि बायको त्यात पडते म्हणून कंपनीत लोक त्याला चिडवायचे तेही त्याला सोसत नव्हतं. त्यातच भिमाजीआबांनी बैलांना मागणी घातली. भिमाजीआबा म्हणजे गावातलं मोठं घर, यात्रा कमिटीत शब्द चालणारा माणूस. त्यांचा स्वतःचा गाडा तीन वर्षं घाटाचा राजा होता. चांगला बैल दिसला की तो आपल्याच दावणीला असावा असं त्यांना वाटायचं.

"देऊन टाकू," महिपती म्हणाला. "आपल्याला काय करायचंय हे येड?"

"येड हाय ना? मंग आबांना कशाला पायजे?"

"अगं, ती मोठी मानसं."

"मानसं मोठी असतील. बैल माजे हायती."

असं बरेच दिवस चाललं. शेवटी चैत्रातल्या यात्रेच्या आधी शालूबाईनंच तोडगा काढला. महिपतीला घेऊन ती देवळात गेली, उंबऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्या यात्रेत माज्या जोडीचा पयला नंबर आला न्हाई, तर दावं मी माज्या हातानं सोडून आबांच्या हातात दीन. आला तर पुन्ना ह्या घरात बैल इकायचं नाव काडायचं न्हाई. कबूल?"

महिपतीनं उंबऱ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. "कबूल," तो म्हणाला. त्याला वाटलं, सुटलो. पहिला नंबर म्हणजे काय खायची गोष्ट आहे? त्याच संध्याकाळी त्यानं हा करार आबांच्याही कानावर घातला.

ज्यांनी मावळातला घाट पाहिला नाही त्यांना एक सांगायला हवं. हितं गाडे शेजारी-शेजारी पळत नाहीत. चढाची एक लांब धाव असते, तिला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो. गाड्याला एक जोडी, तिच्या पुढं आणखी एक जोडी, आणि सगळ्यांच्या पुढं घोडी. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू होतं, वरच्या दोरीखालून गाडा गेला की थांबतं. बारा-पंधरा सेकंदांचा खेळ. कुणाचा गाडा जास्त पळाला हे डोळ्यांना कळत नाही, एकट्या घड्याळाला कळतं. ज्याला वेळ कमी लागला तो पुढं.

आता त्या घड्याळाची गंमत अशी. गावात पूर्वीपासून जे घड्याळ लावायचे, त्यावर सेकंदांच्या पुढं टिंब आणि टिंबाच्या पुढं नेहमी दोन आकडे असायचे. त्या दोन आकड्यांना लोक मिली म्हणायचे. बारा सेकंद सत्तावीस मिली, तेरा सेकंद साठ मिली. दोन गाड्यांचे सेकंद सारखे आले तर मिली बघायच्या, कमी मिली तो पुढं. शाळेत न गेलेलं म्हातारंसुद्धा हे सांगायचं, आणि त्यात कधी चूक व्हायची नाही. कारण आकडे नेहमी दोनच असायचे. साठला साठ दिसायचं, सातला शून्य सात.

या वर्षी कमिटीनं नवं मशीन आणलं. प्रितम नावाचा तिशीतला माणूस ते मशीन घेऊन गावोगावच्या यात्रांना फिरायचा. त्यानं वरच्या दोरीजवळ डोळा बसवला, तार ओढली, आणि स्टेजशेजारी भला मोठा पडदा लावला. गाडा गेला की आकडा पडद्यावर. मशीन चोख होतं. फक्त त्याला एक खोड होती, आणि तिची दखल कुणी घेतली नव्हती. शेवटी शून्य आलं की मशीन ते गाळायचं. सकाळी एका मागं राहिलेल्या गाड्याला पंधरा सहा असं आलं. तो गाडा तसाही कुठल्या नंबरात नव्हता, त्यामुळं कुणी दोनदा पाहिलं नाही.

स्पीकरवर किरण होता. एरवी पवनानगरची जीप चालवायचा, पण यात्रेच्या दिवसांत त्याच्या आवाजाला तोड नव्हती. "आला रं आला, धुरळा उडवीत आला, तेरा सेकंद शून्य सात मिली," असं सकाळी कुणाचं तरी कौतुक चाललं होतं तेव्हा शालूबाई खाली जुंपणीजवळ बैलांच्या शिंगांना तेल लावत होती.

तिची पाळी दुपारी आली. पुढची जोडी तिच्या भावाची होती, घोडीही त्याचीच. पाखऱ्यानं एकदा मान झटकली. निशाण पडलं आणि गाडा गेला. शालूबाईनं डोळे मिटून घेतले होते. नाथाचं नाव तोंडात यायच्या आत किरणचा आवाज आला, "बारा सेकंद पस्तीस मिली! महिपतीरावांचा गाडा, आत्तापर्यंत सगळ्यांत पुढं."

महिपतीराव स्टेजमागं वडापाव खात होते. त्यांचा घास तिथंच राहिला.

संध्याकाळपर्यंत बारा पस्तीसला कुणी हात लावला नाही. राहिला शेवटचा गाडा, भिमाजीआबांचा. तो सुटला तेव्हा सगळी टेकडी उभी राहिली. गाडा दोरीखालून गेला, पडद्यावर आकडा आला, 12.4. किरण किंचाळला, "बारा सेकंद चार मिली! फक्त चार! घाटाचा राजा, भिमाजीआबा."

ढोल सुरू झाले. गुलालाचं पोतं फुटलं. आबांच्या फेट्यावर, बैलांच्या पाठीवर, ढोलावर, जिकडंतिकडं गुलाल.

शालूबाईनंही ऐकलं. पस्तीस कुठं आणि चार कुठं. तिनं वाद घातला नाही, रडलीही नाही. शब्द दिला होता. तिनं वजीरच्या गळ्यातलं दावं चाचपलं आणि गाठ शोधायला लागली.

महिपती जवळ येऊन उभा राहिला. मान खाली. "आबांचा मानूस येतोय बैल न्यायला," तो म्हणाला. "मी थांबतो हितं. तू जा घरी, तुला बघवायचं न्हाई."

"मी सोडीन म्हनलेय ना. मीच सोडनार."

तेवढ्यात मंगल आली. मंगल डोंगरातल्या ठाकरवाडीतली. लावणीच्या दिवसांत तिची टोळी शालूबाईच्या खाचरात असायची. दोघी वर्षानुवर्षं एकाच चिखलात वाकून उभ्या राहिलेल्या. ती शालूबाईच्या शेजारी उकिडवी बसली.

"लय फरकानं गेला व्हय गं?" मंगलनं विचारलं.

"चार मिली त्येंची, पस्तीस आपली."

"सकाळी एकाची सात मिली आलती तवा समदे म्हनले, लय कमी, सेकंद जरा जास्त झाले न्हाईतर गेला आसता पुढं."

"तेरा शून्य सात," शालूबाई म्हणाली. हात गाठीवरच होता. "शून्य सात म्हनला किरण. पडद्यावर पन शून्य व्हतं, मी पाह्यलं."

"मंग?"

"मंग ह्याला का न्हाई? चार मिली आसती तर शून्य चार यायला पायजे. सातला शून्य हाय आन् चारला न्हाई, आसं कसं?"

मंगल म्हणाली, "मशीनला काय कळतंय?"

"मशीनलाच तर कळतंय," शालूबाई म्हणाली. "मानसांना कळत न्हाई."

ती तशीच बसून राहिली. ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही ती आपल्या कामात घालून बघायची ही तिची जुनी सवय. आणि तिचं काम म्हणजे भात. जूनमध्ये रोप उपटताना बायका मुठीनं उपटतात. दहा मुठी झाल्या की एक जुडी बांधायची. दहा जुड्या झाल्या की एक ओझं. कुणी किती रोप काढलं ते बांधावर उभं राहून असंच सांगायचं. आधी ओझी, मग जुड्या, मग मुठी. बारा ओझी, तीन जुड्या, पाच मुठी.

बारा, तीन, पाच. बारा पस्तीस.

"मंगल," ती हळूच म्हणाली, "टिंबाच्या पुढची पयली जागा जुडीची हाय. मुठीची जागा तिच्या नंतर."

"आसंल."

"सकाळच्या गाड्याला जुडी एकपन नव्हती. म्हनून तितं शून्य लिवलं, आन् मंग सात मुठी. ह्यांचा चार कुटं हाय? पयल्याच जागी. जुडीच्या जागी."

मंगलनं बोटांवर मोजून पाहिलं. मग तिनं डोळे बारीक केले. "म्हंजे त्येंच्या चार जुड्या."

"चार जुड्या. मुठी काय न्हाई. आन् आपल्या?"

"तीन जुड्या आन् पाच मुठी," मंगल म्हणाली. "आगं बया. आपलं रोप कमी भरलं."

"कमी भरलं तो पुढं."

शालूबाई उठली. दाव्याची गाठ तिनं पुन्हा घट्ट केली, दोन्ही कासरे हातात घेतले, पदर डोक्यावर ओढला आणि बैल वळवले. महिपती म्हणाला, "कुटं?" ती म्हणाली, "वर." "आगं, वर आता मिरवनूक निघायचीया." ती म्हणाली, "म्हनूनच."

रीत अशी होती की राजाची जोडी वाजतगाजत घाटातून वर देवळापर्यंत न्यायची आणि नाथाच्या पायरीवर तिला मानाचा गुलाल लावायचा. ढोलवाले पुढं, मागं आबा, त्यांचे बैल, त्यांचा गोतावळा, असे सगळे घाटाच्या मध्यावर आले तर समोर शालूबाई. पाखऱ्या आणि वजीर आडवे उभे. घाटाच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध, त्यामुळं कडेनं जायला वाट नाही.

ढोल थांबले.

"काय गं सूनबाई," आबा म्हणाले. फेट्यावरून गुलाल गळत होता. "बैल द्यायला हितंच आली का? एवढी घाई नव्हती."

"न्हाई आबा. नंबर न्यायला आले."

हशा झाला. कुणीतरी मागून म्हणालं, "उन्हानं झालं." महिपती गर्दी सारत आला आणि तिच्या कोपराला धरून कुजबुजला, "चल ना. लाज काडती का?"

"लाज काडायची तर पुरी काडू," शालूबाई म्हणाली. "सोडा कोपर."

कमिटीचे अध्यक्ष पुढं आले. पांढरी टोपी, हातात माईक. "वहिनी, आकडा सगळ्या गावानं पाहिला. बारा पॉइंट चार. तुमचा बारा पॉइंट पस्तीस. चार लहान का पस्तीस, हे काय सांगायला पाहिजे?"

"सकाळच्या गाड्याला शून्य सात आलं व्हतं. ह्याला शून्य चार का न्हाई आलं, ते सांगा."

अध्यक्षांनी प्रितमकडं पाहिलं. प्रितम स्टेजवरून उतरून आला होता. तो जरा घुटमळला. "शून्य चार नाही ते," तो म्हणाला. "चार आहे. म्हणजे... शेवटी शून्य असलं तर मशीन दाखवत नाही."

"शेवटी. म्हंजे चारच्या पुढं?"

"हो."

"मंग तेवढं लावा ना पडद्यावर."

"थांब," अध्यक्ष प्रितमला म्हणाले. "जाहीर झालेल्या आकड्याला हात लावायचा नाही. उद्या कुणीही येईल."

आबा आता चिडले होते, पण आवाज चढवला नाही. मोठ्या घरातली माणसं चारचौघांत हळू बोलतात. "आगं, शून्य म्हंजे काय? शून्याला काय किंमत? लावलं काय, न लावलं काय."

"किंमत न्हाई ना आबा? मंग लावू द्या की. तुमचं काय जातंय?"

आता हसणारे आबांच्या बाजूचे नव्हते. आबांनी हात उडवला. प्रितमनं ती परवानगी मानली, धावत जाऊन लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. पडद्यावरचे सगळे आकडे एकदा गेले आणि परत आले. वर 12.35, खाली 12.40.

टेकडीवर एक गलका झाला. किरणच्या हातातला माईक चालूच होता, त्यातून त्याचं पुटपुटणं सगळ्या गावाला ऐकू आलं, "आयला, चाळीस."

"आकडा बदलला," आबांकडचा एक जण ओरडला. "आधी चार व्हता, आता चाळीस केला. धा पट."

"बदलला न्हाई," शालूबाई म्हणाली. "चार व्हता तो तितंच हाय, जागा सोडली न्हाई त्येनं. चार जुड्या म्हना न्हाईतर चाळीस मुठी म्हना, रोप तेवढंच. तुमी चार बघितला, कुटल्या जागी बसलाय ते बघितलं न्हाई."

"कसल्या जुड्या आन् कसल्या मुठी," आबा म्हणाले. "घाटात भाताचं काय काम?"

"दहा मुठींची जुडी हो आबा," बांधावरून मंगलचा आवाज आला. "रोप काय तुमी उपटलंय व्हय कदी?"

बांधावर बायकांची रांग होती. यात्रेत बायका तिथूनच बघतात. त्यांच्यात पटापटा बोलणं सुरू झालं. चार जुड्या. तीन जुड्या आणि पाच मुठी. कुणी बोटं मोजत होतं, कुणी शेजारणीला समजावत होतं. पुरुष अजून 12.4 आणि 12.40 एकच की दोन यावर भांडत होते तोवर बायकांचा हिशेब संपलाही होता.

आबांच्या मागं त्यांची थोरली सून सविता उभी होती, हातात आरतीचं ताट घेऊन. आबा तिच्याकडं वळले. घरातलं माणूस आपल्याच बाजूनं बोलणार, ही त्यांची खात्री. "तू जातीस ना लावणीला? सांग ह्यांना. चार जास्ती का पस्तीस?"

सवितानं पदर दातात धरला. ताटातली वात वाऱ्यानं हलत होती, तिनं ती हातानं आडोसा करून जपली. "आबा," ती म्हणाली, "चार मुठी आसत्या तर कमी. पन ह्या जुड्या हायती. जास्तीच भरत्यात."

आबा तिच्याकडं बघत राहिले. पण हरायची सवय नसलेल्या माणसाचं एवढ्यानं होत नाही. त्यांनी अध्यक्षांच्या कानात काही सांगितलं. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि माईक हातात घेतला. "मंडळी, मशीनच्या गोंधळामुळं कुणावर अन्याय नको. पडलेला गुलाल परत घ्यायची आपल्या घाटाची रीत नाही. म्हणून कमिटीनं ठरवलंय की पहिला नंबर दोघांना विभागून."

टाळ्या वाजल्या. महिपतीनं सुटकेचा श्वास टाकला. विभागून का होईना, पहिला तो पहिला. बैल राहिले, लाजही राहिली. "झालं ना?" तो म्हणाला. "चल आता."

"न्हाई," शालूबाई म्हणाली.

"आता काय न्हाई?"

"वेळ सारकी आसती तर इभागून घेतला आसता. त्येंची वेळ जास्ती, माजी कमी. दिसतीया तितं." तिनं हनुवटीनं पडदा दाखवला. "अर्धा नंबर घेतला तर मीच म्हनले की सारकी व्हती. मी खोटं बोलू का? आन् ते पन नाथाच्या दारात?"

"वहिनी, गुलाल पडलाय," अध्यक्ष म्हणाले.

"गुलाल नाथाचा हाय. चुकून पडला आसंल तर कपडं झटका."

आणि ती खाली बसली. घाटाच्या मध्यावर, धुळीत, मांडी घालून, दोन्ही कासरे मांडीवर घेऊन. वजीरनं तिच्याकडं पाहिलं आणि तोही बसला. मग पाखऱ्या बसला. बसलेला बैल उठवणं सोपं नसतं, आणि दुसऱ्याच्या बैलाला हात लावायचा नाही ही घाटाची त्याहून जुनी रीत.

मंगल बांधावरून उतरून तिच्या शेजारी बसली. मग तिच्या टोळीतल्या आणखी दोघी. मग गावातल्या काही. कुणी घोषणा दिल्या नाहीत. एकीनं शेंगा काढल्या, त्या वाटून खाल्ल्या. ढोलवाल्यांनी ढोल उतरवून बांधाला टेकवले. आबांचे बैल मागं उभे राहून कंटाळले, एकानं शेण टाकलं. ऊन डोंगराआड गेलं. देवळातून पुजाऱ्यानं निरोप पाठवला की सांजआरतीची वेळ झाली, जोडी येतीया का नाही?

महिपती बराच वेळ उभा होता. एका बाजूला कमिटी, एका बाजूला बायको. कंपनीतले दोघं-तिघं बांधावर होते, तेही बघत होते. अखेर तो पुढं गेला आणि पाखऱ्याच्या पलीकडं, बायकांपासून जरा अंतर ठेवून, तोही बसला. शालूबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. एक कासरा मात्र त्याच्याकडं सरकवला.

"महिपती," आबा म्हणाले, "तू पन?"

"आबा, पाय दुखाया लागलं," महिपती म्हणाला.

यावर खुद्द आबांच्या गोतावळ्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी मागं वळून पाहिलं. सविता खाली मान घालून वात सावरत होती. देवळाची घंटा वाजायला लागली. नाथाला थांबवून ठेवायचं हे आबांच्यानंही होईना. कितीही झालं तरी त्यांनी सत्तर वर्षं त्याच पायरीवर डोकं टेकलेलं.

त्यांनी फेटा काढला, एकदा झटकला आणि काखेत धरला. "किरण," ते म्हणाले, "वाच. काय लिवलंय ते वाच. दोन्ही आकडे, शून्यासकट." मग प्रितमकडं बोट दाखवून, "आन् पुढल्या सालाला हे मशीन मला हितं दिसायला नको."

"मशीनचं काय चुकलं हो आबा," मंगल म्हणाली, पण ते ऐकायला आबा थांबले नाहीत. आपले बैल त्यांनी स्वतः वळवले आणि घाट उतरायला लागले.

किरणनं वाचलं. सुरुवातीला आवाज जरा बसका होता, मग त्याला सूर सापडला. "भिमाजीआबांचा गाडा, बारा सेकंद चाळीस मिली, दुसरा नंबर. आणि पहिला नंबर, बारा सेकंद पस्तीस मिली, घाटाचा राजा, महिपतीरावांचा..." तो थांबला. घाटात बसलेल्या बाईकडं त्यानं पाहिलं. "शालूबाईंचा गाडा."

ती उठली. साडीची धूळ झटकली. बैल उठले. ढोलवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं, ढोल उचलले आणि पुढं चालायला लागले.

देवळात तिनं बैलांना पायरीशी उभं केलं, पुजाऱ्यानं गुलाल लावला, तिनं नाथापुढं डोकं टेकवलं. काही मागितलं नाही. निरांजनाची वात तेवढी पुढं सारली.

घरी परतताना अंधार पडत होता. धरणाच्या बाजूला तंबूंमधले दिवे लागले होते. एक कासरा तिच्या हातात, एक महिपतीच्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचाच काय तो आवाज.

मग महिपती म्हणाला, "एक इचारू का?"

"इचारा."

"समज, खरंच शून्य चार निघालं आसतं. मंग?"

"मंग दिले आसते."

"खरं?"

"व्हय. उंबऱ्यावर हात ठिवलाता. वजीरचं दावं सोडलं आसतं, पाखऱ्याचं सोडलं आसतं. घरी येऊन रडले आसते. तुमच्यापुढं न्हाई, गोठ्यात." ती थोडी चालली. "हरायची मला लाज न्हाई. पन मोजून हरवा म्हनावं. न मोजता कुनी म्हनंल तू हरलीस, तर मी उठनार न्हाई."

महिपतीनं कासरा दुसऱ्या हातात घेतला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आन् ती दहा मुठींची जुडी, ते कसं म्हनलीस? परत सांग बरं."

"आता?"

"उद्या कंपनीत इचारत्याल समदे."

शालूबाईनं चालता चालता रस्त्याकडंची गवताची एक काडी मोडली, महिपतीच्या हातात दिली. "ही एक मूठ धरा," ती म्हणाली. "आशा दहा झाल्या की मला सांगा." आणि महिपती अंधारात वाकून दुसरी काडी शोधायला लागला.